भिसे, शंकर आबाजी

(२९ एप्रिल १८६७–७ एप्रिल १९३५). मराठी यंत्रसंशोधक. जन्म मुंबईत, मृत्यू न्यूयॉर्कमध्ये. त्यांच्या नावावर सुमारे २०० शोध आणि ४० पेटंटे सांगितली जातात. ‘भारताचे एडिसन’ हे बिरुद त्यावरूनच चिकटले. मात्र या यादीत एका विषयाचा माग काढू गेल्यास हाती काही लागत नाही.

पहिला मोठा गाजावाजा झाला तो वाण्याच्या दुकानातल्या यंत्राचा. पीठ, साखर असा सुटा माल तागडीत थोडा घाला, थोडा काढा, हा खटाटोप वाचवून माल आपोआप मोजून देणारे हे यंत्र. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या एका नियतकालिकाने भरवलेल्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळाले. त्यानंतर भिसे इंग्लंडला गेले. तेथे दादाभाई नौरोजींचे पाठबळ मिळाले. विजेवर चालणारे जाहिरातयंत्र, स्वयंपाकघरातली उपकरणे, आपोआप धुतले जाणारे शौचकूप, डोकेदुखीवरचे साधन असे एकाहून एक वेगळे शोध या काळात निघाले.

खरा ध्यास मात्र छापखान्याचा. सीसे, अँटिमनी व कथील यांचा रस साच्यात ओतून खिळे (छपाईची सुटी अक्षरे) पाडायचे आणि मग ते जुळवायचे. खिळे पाडण्याचा वेग वाढवणारे ‘भिसोटाइप’ मिनिटाला १२०० खिळे पाडते, असा त्यांचा दावा होता. साचा इतक्या भराभर उघडायचा-मिटायचा, तर रस तेवढ्यात थिजलाही पाहिजे. अडचणीची जागा ती. दुसरी अडचण भांडवलाची. समाजवादी पुढारी हिंडमन यांनी कबूल केलेला पैसा उभा राहिला नाही आणि १९०८ मध्ये भिसे मुंबईला परतले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी रतन टाटांशी (जमशेदजींचे धाकटे पुत्र) गाठ घालून दिली. त्यातून टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट निघाले. तेही काही वर्षांतच गुंडाळले गेले. किरकोळ वस्तूला एक गिऱ्हाईकही पुरते, खिळेयंत्राला कारखाना लागतो. शोधांच्या या पसाऱ्याला बुद्धीच्या चपळाईइतकीच ही ओढाताणही कारण असावी.

पहिल्या महायुद्धाच्या काळात भिसे अमेरिकेत गेले आणि पुढे तेथेच राहिले. खिळेयंत्राचा पाठपुरावा चालूच होता. जोडीला रसायनांकडेही ते वळले. ‘ॲटोमिडीन’ हे त्यांचे आयोडीनयुक्त औषध एडगर केसी हे अमेरिकी गूढवादी आपल्या अनुयायांना सुचवीत. १९३० मध्ये भिसे यांची थॉमस एडिसन यांच्याशी भेट झाली. एडिसन तेव्हा ८३ वर्षांचे होते.