दवाखान्याच्या भिंतीवरचं दरपत्रक

‘विमा’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. मूळ शब्द ‘बीम’, म्हणजे भीती. ‘हप्ता’ही फारसीच, अर्थ सात दिवस. आरोग्य विम्याचा हप्ता मात्र वर्षातून एकदा येतो आणि दर वेळी फुगून येतो. मार्च महिन्यात आमच्या स्टाफरूममध्ये यावर तावातावाने चर्चा होते : कंपनी लुटते, एजंट फसवतो. असेलही तसं. पण कंपनी यंदा दवाखान्यांना जे पैसे देते, ते पुढच्या वर्षी आपल्याच हप्त्यात धरते. म्हणून हप्त्याचा इतिहास पाहायचा तर आधी बिलाचा पाहावा लागतो.

मुंबई प्रांतात खासगी दवाखान्यांच्या नोंदणीचा कायदा 1949 साली झाला. तेव्हा आपलं उमरगा हैदराबाद राज्यात होतं. 1956 ला मुंबई राज्यात आणि 1960 ला महाराष्ट्रात आलं. त्या कायद्याचा भर नोंदणी आणि तपासणीवर होता. उपचाराला किती पैसे लागतील हे रुग्णाला आधी सांगावं, हा विचार त्यात नव्हता. त्या काळी डॉक्टर ओळखीचा, फी थोडी, कधी धान्याच्या रूपात. कुणाला खटकलं नसणार.

1986 साली सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला. 2000 नंतर खासगी कंपन्या आल्या, पाठोपाठ कॅशलेस आलं. पैसे तिसराच भरणार म्हटल्यावर दर विचारायची गरज रुग्णालाही वाटेना आणि दवाखान्यालाही तो सांगावासा वाटेना. उलट भरती करतानाच पहिला प्रश्न येऊ लागला, ‘विमा आहे का?’ या प्रश्नाच्या उत्तरावर बिल का बदलावं, याचं पटेल असं कारण मला आजवर कुणी दिलेलं नाही.

दर आधी लिहिला तर काय होतं, हे आपण महाराष्ट्रातच पाहिलंय. 2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचं सोलापूर त्यात होतं, उस्मानाबाद नव्हतं. आपल्याला 21 नोव्हेंबर 2013 पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे एकाच हायवेवर, शंभरेक किलोमीटरच्या अंतरात, एका रेशनकार्डावर हृदयाचं ऑपरेशन फुकट आणि दुसऱ्यावर शेत गहाण. योजनेत 972 उपचार होते आणि प्रत्येकाचं पॅकेज आधीच ठरलेलं. दीड लाखाच्या संरक्षणासाठी सरकार विमा कंपनीला कुटुंबामागे वर्षाला 333 रुपये भरत होतं. एवढ्यात जमलं, कारण लाखो कुटुंबं एकत्र होती आणि बिलाला कुंपण होतं. पॅकेजचे दर परवडत नाहीत, ही डॉक्टरांची तक्रार आहे आणि ती सगळी खोटी नाही. वरून रोख मागितल्याचे किस्सेही आपण ऐकतो. पण लिहिलेल्या दरावर निदान भांडता येतं.

स्टेंटचंही तसंच. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये केली. त्याआधी याच स्टेंटची छापील किंमत सरासरी लाखाच्या वर होती.

कोरोनात सरकारने आणखी पुढचं पाऊल टाकलं. मे 2020 मध्ये खासगी दवाखान्यांतल्या 80 टक्के खाटांचे दर ठरवले : साधी खाट दिवसाला 4,000, आयसीयू 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. जून 2021 मध्ये लहान गावांसाठी ते 2,400, 4,500 आणि 5,400 झाले. बिलं तपासायला लेखापरीक्षक बसवले. पीपीई किट आणि महागडी औषधं मात्र या दरांच्या बाहेर ठेवली होती, आणि भांडणं झाली ती तिथेच. खाटेचा दर पाळला जायचा, किटचा आकडा पाहून नातेवाईक खाली बसायचे.

जानेवारी 2021 मध्ये त्या 1949 च्या कायद्याचे नियम बदलले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं दवाखान्यांना बंधनकारक झालं. 72 वर्षं लागली!

आम्हा शिक्षकांना ही गंमत चांगली ठाऊक आहे. वैद्यकीय प्रतिपूर्तीची फाईल जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाते, तिथे बिल सरकारी दराशी ताडलं जातं आणि उरलेली रक्कम आपल्या खिशातून जाते. म्हणजे दर कुठेतरी लिहिलेला असतोच. आपल्याला तो पैसे भरून झाल्यावर कळतो.

सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला. हप्ता एकदा उतरला, बरं झालं. पण खालचं बिल जसंच्या तसं आहे, त्यामुळे तो किती दिवस उतरलेला राहील याची मला शंका आहे.

2021 च्या नियमाने किती घ्यावं हे ठरवलेलं नाही, फक्त लिहून लावायला सांगितलंय. तेव्हा पुढच्या वेळी सिझेरियनचा खर्च विचारल्यावर काउंटरवरून ‘ते डॉक्टरच सांगतील’ असं उत्तर आलं, तर दरपत्रक कुठे लावलंय ते विचारा. भिंत रिकामी दिसली, तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे साधा मराठीत अर्ज करा. पोच घ्यायला विसरू नका.