दोन चालींत मात

पांढरा राजा एफ-६ वर, हत्ती ए-१ वर. काळा राजा जी-८ वर, एकटा. पांढऱ्याने दोन चालींत मात करायची. नवशिक्याचा हात हमखास ए-८ कडे जातो, शह द्यायला. राजा एच-७ वर निसटतो. खरी चाल बिनशहाची आहे, हत्ती एच-१. आता काळ्या राजाला एफ-८ हे एकच घर उरते, आणि तिथे गेला की हत्ती एच-८ वर, मात. पांढऱ्याच्या २० शक्य चालींपैकी ही एकच चालते.

अशा कोड्यात कोणाचा डाव सरस हे तोलायचे नसते. समोरच्याच्या प्रत्येक उत्तराला आपल्याकडे तोड आहे का, एवढेच पाहायचे. म्हणून यंत्राला बुद्धिबळाची ही बाजू सर्वांत आधी जमली. स्पेनच्या लिओनार्दो तोरेस केवेदो यांचे १९१२ चे यंत्र राजा आणि हत्तीच्या बळावर एकट्या राजाला मात देई. चाली जास्त लागत, पण मात चुकत नसे. पुढे नोव्हेंबर १९५१ मध्ये मँचेस्टरला डिट्रिख प्रिन्झ यांनी फेरांटी मार्क-१ संगणकाकडून दोन चालींची मात सोडवून घेतली. त्याला सुमारे १५ मिनिटे लागली. संगणकाची स्मृती तोकडी, म्हणून प्रिन्झ यांनी काही नियम गाळले: कॅसलिंग नाही, प्याद्याची पहिली दोन घरांची चाल नाही, एन पासाँ नाही, प्याद्याला बढती नाही.

यातली बढती सोडली, तर हे बरेचसे आपल्याकडच्या जुन्या देशी डावासारखेच! त्यातही कॅसलिंग नव्हते आणि प्यादे एकेकच घर चाले. मला या कुळकथेतली ही सर्वांत सुंदर गाठ वाटते. सांगलीत १९४१ साली स्थापन झालेले नूतन बुद्धिबळ मंडळ आणि त्यामागचे भाऊसाहेब पडसलगीकर यांनी आंतरराष्ट्रीय खेळ रुजवायला आयुष्य वेचले. इकडे नव्या नियमांची सवय लावणे चालू होते, आणि तिकडे यंत्र तेच नियम गाळून पहिले पाऊल टाकत होते.

मातेची कोडी मात्र आपल्याकडे फार जुनी. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथातल्या स्थिती १८१४ साली मुंबईत इंग्रजीत छापल्या गेल्या, त्याही युरोपीय पद्धतीला जुळवून. देशी खेळात प्याद्याने दिलेली मात मानाची, आणि एकटा राजा उरला की डाव बुर्जी, म्हणजे बरोबरी. त्या हिशेबाने वरची आपली एच-१ ची चाल फुकट गेली असती.

आज हाइनर मार्क्सेन यांचा 'चेस्ट' किंवा 'पॉपाय' हे प्रोग्राम असली कोडी क्षणात सोडवतात. पॉपायला तर प्रचलित नसलेले कितीतरी नियमही सांगता येतात. म्हणून जुनी देशी स्थिती यंत्रापुढे मांडताना आधी विचारावे, ती कोणत्या नियमांची आहे, आणि मात प्याद्यानेच हवी आहे का.