बहिष्कृत ते प्रबुद्ध : एका प्रत्ययाचा इतिहास

शब्द आभाळातून पडत नाही. ते जोडकाम असतं. मधे धातू, पुढं उपसर्ग, मागं प्रत्यय. सुटे भाग थोडेच, पण जोडणी बदलली की माल बदलतो. पाणिनीनं संस्कृतची ही जोडणी सुमारे ४००० सूत्रांत बांधली. ज्यांना संस्कृत शिकायची बंदी, त्यांच्याच कपाळावर त्या कारखान्यातले शब्द मारले गेले. खुद्द बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. म्हणून हे शब्द खोलून बघणं आपलं काम आहे. पंडितांवर सोडून भागणार नाही.

'अस्पृश्य' खोला. अ म्हणजे नाही. स्पृश् म्हणजे शिवणं. शेवटचा य बारका दिसतो, पण सगळं विष त्याच्यात. पूज्य म्हणजे पूजावा असा, त्याज्य म्हणजे टाकावा असा, तसा अस्पृश्य म्हणजे शिवू नये असा. हा माणसाचा गुण नव्हे, हा हुकूम आहे. आणि हुकूम देणारा शब्दातून पसार! ऐकणाऱ्याला वाटतं, आंबा जसा गोड, तसा हा माणूस अस्पृश्य.

आता 'बहिष्कृत'. बहिस् म्हणजे बाहेर, कृ म्हणजे करणं, शेवटचा त म्हणजे ते करून झालं. बाहेर केलेला. 'केलेला' म्हटलं की सवाल उभा राहतोच : कुणी केला? बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. २० मार्च १९२७ ला महाडात चवदार तळ्याचं पाणी हाती घेतलं, आणि ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' छापून आलं. तळ्यावर 'शिवू नये' हा हुकूम मोडला आणि पंधरवड्यात 'केलेला' हा शब्द मथळ्यावर चढला. गुन्हा कुणाचा, ते आता व्याकरणच सांगू लागलं.

'दलित'मधेही तोच त. दल् म्हणजे फुटणं, दुभंगणं. आपल्या आयाबायांचं जात्यावरचं दळणं त्याच घराण्यातलं. दलित म्हणजे दळला गेलेला. मग दळणारा कोण? जातं कुणाचं? १९७२ साली मुंबईत पोरांनी या शब्दापुढं पँथर जोडला, तेव्हा दळलेल्या पिठाला नखं फुटली.

काही प्रत्यय जात बघून मजुरी देतात. पाटीलकी आणि महारकी. दोन्हींत 'की' एकच. एकीत मान आणि हुकमत. दुसरीत दवंडी पिटणं, मेलेलं ढोर ओढणं, रात्री-अपरात्री सांगावा घेऊन पळणं. व्याकरणाच्या पुस्तकात दोघी एका ओळीत बसतात, गावात नाही. ही 'की' तोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं. वतन कायद्यानं गेलं १९५८ साली. ते बघायला बाबासाहेब नव्हते.

मी सूतगिरणीत पाळी भरतो, म्हणून 'णारा' हा प्रत्यय मला जवळचा. धातूला 'णारा' लावा, काम करणारा माणूस तयार होतो : कातणारा, विणणारा. पण मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला कातणारा होता आलं, विणणारा होता येईना. धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे, तो उष्टा होई, म्हणून जादा पगाराच्या साळखात्याचं दार आपल्याला बंद. १९२८ च्या मोठ्या संपात ही बंदी उठवा, असं बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना ठणकावलं. भाषा 'णारा' सगळ्यांना देते. हिसकावून घेते ती जात.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. ४ फेब्रुवारी १९५६ ला 'जनता' पत्राचं नाव 'प्रबुद्ध भारत' झालं. प्रबुद्ध खोला : प्र, बुध्, आणि पुन्हा तोच त. ध आणि त एकमेकांना भिडले की द्ध होतो, म्हणून तो लपलाय एवढंच. १९२७ चा भारत तोच, शेवटचा त तोच, बदललं ते आतलं काम. बहिष्कृतमधे दुसऱ्यानं आपल्याला बाहेर केलं. प्रबुद्धमधे आपण आपले जागे झालो. एकोणतीस वर्षांची चळवळ या दोन शब्दांच्या मधे उभी आहे. आणि त्याच साली, १४ ऑक्टोबरला, नागपुरात धर्मांतर.

धर्मांतर, नामांतर. शेवटी आलेलं हे 'अंतर' म्हणजे दुसरा. नामांतर म्हणजे दुसरं नाव. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. माणसं मारली गेली. १४ जानेवारी १९९४ ला हाती आलं ते 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ'. त्याला नाव दिलं नामविस्तार. 'अंतर' काढलं, 'विस्तार' बसवला. सोळा वर्षांच्या रक्ताचा हिशोब शब्दाच्या एका तुकड्यात मिटवला.

म्हणून सांगतो, तुकड्यांवर नजर ठेवा. सरकारी योजनांच्या कागदावर आजही 'नवबौद्ध' लिहितात. १९५६ नंतर तिसरी-चौथी पिढी उभी राहिली, तरी हा 'नव' सुटत नाही. नवा कुणाच्या हिशोबानं? कुठवर नवा? पुढच्या वेळी कागद हाती आला की सही करण्याआधी शब्द खोला. आत कोण लपून बसलाय ते बघा, आणि त्याला नाव घेऊन बाहेर बोलवा.