गादीची चड्डी आणि बारा कार्षापण

इंदिरानगरात पहाटे साडेपाचला घराबाहेर पडलं की हल्ली चालणाऱ्यांच्या बरोबरीने सायकलवाले भेटतात. पूर्वी या वेळेला सायकलवर दूधवाला आणि पेपरवाला एवढेच असत. आता डॉक्टर असतात, बँकेतले असतात, अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले असतात... आणि बहुतेकांच्या अंगात ती काळी, घट्ट, बुडाला गादी असलेली चड्डी असते. मीही त्यांच्यातलाच. विषय तुम्हाला हलका वाटेल, पण आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला चड्डीतही इतिहास दिसतो, त्याला इलाज नाही!

या चड्डीविषयी आमच्यात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "टिकते किती?" किंमत त्यानंतर. हा प्रश्न आमच्या पिढीचा आहे, आणि तो कुठून आला हे सांगायचं तर खाकी चड्डीपासून सुरुवात करावी लागेल.

खाकी हा शब्द फारसीतल्या 'खाक'वरून आला. खाक म्हणजे धूळ, माती. १८४६-४७ च्या सुमारास पेशावरकडे हॅरी लम्सडेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या गाइड्स पलटणीला मातकट रंगाचे कपडे दिले आणि तिथून हा रंग जगभरच्या फौजांत गेला. फौजेतून तो पोलिसांकडे, पोस्टमनकडे आणि शेवटी शाळेतल्या पोरांच्या बुडाखाली आला. ड्रिलचं जाड, तिरक्या विणीचं कापड. शिंप्याला घरून एकच सूचना असे, "वाढत्या अंगाची शिवा, आणि माया भरपूर ठेवा." शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. या शब्दावर कोणी स्वतंत्र लेख लिहायला हवा! पोरगं वाढलं की माया उसवायची आणि चड्डी मोठी करायची. बाक आणि सायकलची सीट यांच्यामुळे चड्डी आधी बुडाला विरायची. मग तिथे दोन गोल ठिगळं लागायची आणि वर्गात "चष्मा लागला" म्हणून चिडवणं व्हायचं. पुढे ती धाकट्याकडे जायची, त्याच्यानंतर गोधडीच्या पोटात.

म्हणजे कापड टिकायचं. माणसाचं काय व्हायचं? आसनात चारही शिवणी एकत्र येतात, तिथे ड्रिलची चांगली गाठ तयार होते. बाजारात जाऊन यायला ती गाठ त्रास देत नाही. लांब जायचं म्हटलं की तीच गाठ शत्रू होते. आणि लांब जाणारे लोक आपल्याकडे तेव्हाही होते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये परत आले, सुमारे सत्तर हजार किलोमीटर करून. फोटोत त्यांच्या अंगावर साध्या अर्ध्या चड्ड्या दिसतात. गादी नाही, ताणणारं कापड नाही, काही नाही. त्यांच्या धैर्याबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे, त्यांच्या बैठकीबद्दल मात्र कोणी विचारलेलं मला आढळलं नाही!

युरोपातल्या शर्यतवाल्यांनी या दुखण्यावर आधी उपाय शोधला. त्यांच्या चड्ड्या विणलेल्या लोकरीच्या असत. आतून शॅमॉय नावाच्या डोंगरी बकरीच्या मऊ कातड्याचा तुकडा लावलेला असे. रंग काळा, कारण सीटच्या चामड्याचे आणि चेनच्या तेलाचे डाग दिसत नाहीत. लोकर घामाने जड होई, पावसात लोंबे, आणि ते कातडं धुऊन वाळलं की पापडासारखं कडक होई. घालण्याआधी मलम चोळून मऊ करावं लागे. चामडं केव्हाच गेलं, पण आतल्या गादीला इंग्रजीत अजून शॅमॉयच म्हणतात. शब्द वस्तूपेक्षा जास्त टिकतात ते असे.

मग आला लायक्रा. १९५८ साली अमेरिकेतल्या ड्यू पॉन्ट कंपनीत जोसेफ शायव्हर्स या रसायनतज्ज्ञाने हा धागा तयार केला. मूळ लांबीच्या पाचपट ताणला तरी तो परत जागेवर येतो. आधी तो बायकांच्या अंतर्वस्त्रांत वापरला गेला आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वित्झर्लंडच्या असोस कंपनीने त्याची सायकलची चड्डी बाजारात आणली. हलकी, अंगाला चिकटणारी, घासली न जाणारी. माझ्या मते सायकलस्वाराच्या अंगावर घडलेली ही सगळ्यात मोठी क्रांती.

किती मोठी, ते साध्या गणिताने कळेल. नाशिकहून पंढरपूरला सायकल वारी जाते. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. ताशी वीसच्या वेगाने साडेसतरा तास सायकल चालवावी लागते. मिनिटाला सत्तर वेळा पायडल फिरवलं तर तासाला ४,२०० आणि पंढरपूरपर्यंत ७३,५०० वेळा मांडी सीटला घासून खाली-वर होते. आमच्या नाशिकचेच हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे डॉक्टर बंधू २०१५ मध्ये दोघांच्या संघात 'रेस अक्रॉस अमेरिका' पुरी करून आले. ती जवळपास ४,८०० किलोमीटरची, आणि संघासाठी नऊ दिवसांची मुदत. अशा शर्यतींत लोक पाय थकल्यामुळे जसे माघार घेतात तसे बैठकीला जखमा झाल्यामुळेही घेतात. तेव्हा ही घट्ट चड्डी म्हणजे म्हातारपणीची थेरं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा सुती पायजम्यात सिन्नरला जाऊन यावं.

पण या क्रांतीची एक किंमत आहे. ड्रिलचं कापड झिजायचं, लायक्रा मरतो. झीज दिसते, तिला ठिगळ लागतं. ताण मेला की शिंपी काही करू शकत नाही. या चड्डीत माया नसतेच, असली तर तीच टोचेल! पूर्वी कपडा किती टिकणार हे शिंप्याच्या हातात होतं, आता ते विकत घेणाऱ्याच्या नजरेत आणि धुणाऱ्याच्या हातात आहे.

म्हणून मी किंमत न बघता हिशेब बघतो. समजा एक चड्डी ६०० रुपयांची आणि शंभर फेऱ्यांत संपली, दुसरी १,८०० ची आणि चारशे फेऱ्या चालली. पहिली फेरीला सहा रुपये पडली, दुसरी साडेचार. स्वस्त कुठली?

कपड्याचा असा वार्षिक हिशेब आमच्या सकाळच्या फेरीच्या शेवटीच, दगडात कोरून ठेवलेला आहे. पाथर्डी फाट्यावरून पांडवलेणीच्या पायथ्याला जायचं आणि पायऱ्या चढायच्या. दहाव्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा वर्ष ४२ चा लेख आहे. त्याने संघाला ३,००० कार्षापण दिले आणि ते गोवर्धनच्या दोन विणकर श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १,००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांचं व्याज वर्षाला २४० होतं, आणि लेख सांगतो की लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कपड्यासाठी द्यावेत. वीस बारे दोनशे चाळीस! वर्गात हे गणित फळ्यावर सुटलं की मुलं लेखाकडे वेगळ्या नजरेने बघत. पैसे ठेवले तेही विणकरांकडे, हे विशेष. ज्याला कापड कळतं त्याच्याकडेच कपड्याचा निधी.

आपल्याला निदान त्या विणकराची नजर उसनी घेता येते. दुकानात चड्डी हातात घेतल्यावर मी ती दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरतो. आतले पांढरे धागे चमकले किंवा पलीकडचं दिसलं तर तिथेच परत. (मागून येणाऱ्या सायकलस्वारावरही हे उपकार आहेत.) मग ती उलटी करतो. शिवण सपाट हवी, बोट फिरवलं तर उंचवटा लागता कामा नये, आणि आसनाच्या बरोबर मध्ये शिवणींची गाठ नको. गादी अंगठ्याने दाबायची. जाड गादी चांगली, हा समज मोडायला हवा. जाड आणि पोकळ गादी महिनाभरात चपाती होते, घट्ट आणि पातळ गादी दाबली की लगेच उसळते. कापडात नायलॉन जास्त असेल तर घासण्याला ते पॉलिस्टरपेक्षा चांगलं टिकतं. आणि आत दुसरं काही घालायचं नाही. हे सांगताना आमच्या वयाचे लोक लाजतात, पण आतल्या कपड्याची शिवण घासली तर गादीचा उपयोगच काय? लाज वाटत असेल तर वरून सैल बर्मुडा घालावी, बरेच जण घालतात.

धुण्याचं म्हणाल तर गरम पाणी, ब्लीच, कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रावण आणि नाशिकचं एप्रिलचं ऊन हे लायक्राचे चार वैरी. गार पाण्यात, उलटी करून, हाताने धुवावी, न पिळता सावलीत वाळत घालावी. आणि एकीपेक्षा दोन घेऊन आळीपाळीने वापराव्यात.

एका बाबतीत मात्र खाकी चड्डी श्रेष्ठ होती. विनयपिटकात आनंद आणि राजा उदेन यांची गोष्ट आहे. राजा विचारतो, जुन्या चीवरांचं तुम्ही काय करता? आनंद सांगतो, पांघरुणं करतो. ती जुनी झाली की गादीचे अभ्रे, मग सतरंज्या, मग झाडायची फडकी, आणि शेवटी कुटून मातीत मिसळून जमीन सारवतो. लायक्राचं यातलं काही होत नाही. साधी चेन पुसायला घेतली तरी तेल शोषत नाही. माझ्या पहिल्या चड्डीचे पाय कापून मी सायकलच्या दांडीला गुंडाळले आहेत, भिंतीला टेकवताना रंग जाऊ नये म्हणून. गादी कपाटावर पडून आहे. गोधडीत घालावी असं घरात सुचवून पाहिलं, नकार आला.