मानेला हिसका बसला? मान पिळून घेऊ नका

भरवेली (जि. बालाघाट) : खाणीच्या गावात अवजड ट्रक, ऑटो अन् मोटारसायकली एकाच रस्त्याने चालतात. मागून धक्का बसतो, गाडीला ओरखडाही येत नाही आणि माणूस म्हणतो, "काही नाही झालं." दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मान वळत नाही. या दुखापतीला डॉक्टर 'व्हिपलॅश' म्हणतात, म्हणजे चाबकासारखा हिसका.

नेमके काय होते?
मागून धक्का बसला की सीट धडाला पुढे ढकलते, पण डोके मागेच राहते. मान आधी मागे, मग झटक्याने पुढे जाते. त्यात स्नायू आणि हाडे जोडणारे बंध ताणले जातात. हे एक्स-रेत दिसत नाही. म्हणून 'एक्स-रे नॉर्मल' म्हणजे दुखणे खोटे, असे नव्हे.

लक्षणे
मान आखडणे, डोक्याच्या मागच्या बाजूला दुखणे, खांदे भरून येणे, चक्कर. बऱ्याचदा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होतात.

लगेच दवाखाना कधी?
हातापायाला मुंग्या किंवा अशक्तपणा, मानेच्या मधल्या हाडावर दुखणे, उलट्या, गुंगी, लघवीवर ताबा न राहणे, किंवा वय ६५ च्या वर असेल तर थांबू नका. जखमीची मान न हलवता १०८ ला फोन करा. हा नंबर मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रातही चालतो.

उपचार
डॉक्टरांनी हाड मोडले नाही असे सांगितल्यावर पहिले एक-दोन दिवस कापडात गुंडाळलेल्या बर्फाने शेक, सांगितलेली वेदनाशामक गोळी आणि सोसेल तितकी मानेची हळू हालचाल. पट्टा आठवडेच्या आठवडे लावून ठेवला तर स्नायू कमजोर पडतात, मान आणखी आखडते. दुखणे रेंगाळले तर फिजिओथेरपी घ्या. बहुतेक लोक काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत बरे होतात.

मालिशवाल्याकडून मान 'कडकड' मोडून घेऊ नका. आत हाडाला तडा असेल तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते.

खर्चाचे काय?
५ मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा कॅशलेस उपचार मिळतो. योजना देशभर आहे. त्यामुळे बालाघाटचा माणूस गोंदियात जखमी झाला तरी लागू होते.

आणि कारमध्ये बसताच हेडरेस्ट डोक्याच्या उंचीला आणा. मान मागे जाण्याआधी तोच तिला अडवतो.