कृष्णधवल फिल्म घरी डेव्हलप करताना वेळ कशी ठरवावी?

कृष्णधवल फिल्म डेव्हलपरमध्ये किती मिनिटे ठेवायची, याचा आकडा फिल्मच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या तक्त्यात दिलेला असतो. उदाहरणार्थ, इलफर्डच्या एचपी५ प्लस या ४०० आयएसओच्या फिल्मला आयडी-११ डेव्हलपरच्या मूळ द्रावणात साडेसात मिनिटे लागतात. त्याच द्रावणात तेवढेच पाणी घातले तर १३ मिनिटे. मात्र हे दोन्ही आकडे २० अंश सेल्सिअसचे आहेत. मे महिन्यात नागपुरात काय किंवा पुण्यात काय, गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारे पाणी ३० अंशांच्या पुढे सहज जाते. अशा पाण्यात तक्त्यातली वेळ जशीच्या तशी पाळली, तर निगेटिव्ह गरजेपेक्षा फार काळी होते. फोटो पुन्हा काढता येण्यासारखा नसेल, तर ते नुकसान भरून निघत नाही.

वेळेने नेमके काय बदलते?

फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या संयुगाचे बारीक कण असतात. ज्या कणांवर प्रकाश पडला, त्यांचे डेव्हलपर काळ्या धातुरूप चांदीत रूपांतर करतो. दृश्यातल्या सावलीच्या भागातून फिल्मवर प्रकाशच थोडा येतो, म्हणून तिथले मोजके कण पहिल्या काही मिनिटांत जवळजवळ पूर्ण डेव्हलप होतात. आकाश, पांढरा सदरा, उन्हातली भिंत अशा उजळ जागी मात्र काम चालूच राहते आणि निगेटिव्हवर त्या अधिकाधिक काळ्या होत जातात. म्हणजे वेळ वाढवली की सावली फारशी बदलत नाही. उजळ भाग आणि सावली यांतला फरक, अर्थात कॉन्ट्रास्ट, वाढतो. एक्स्पोजर सावली पाहून द्यावे आणि डेव्हलपिंग उजळ भाग पाहून करावे, हा जुना नियम यातूनच आला.

फिल्म ‘पुश’ करण्याबद्दलचा गैरसमजही इथेच दूर होतो. एचपी५ प्लस ८०० आयएसओ समजून वापरली, तर आयडी-११ च्या मूळ द्रावणात साडेदहा मिनिटे आणि १६०० समजून वापरली तर १४ मिनिटे, असे इलफर्ड सांगते. रात्रीच्या मिरवणुकीचे फोटो त्यामुळे छापण्याजोगे होतात, पण सावलीत जे टिपलेच गेले नाही, ते जास्तीच्या मिनिटांनी उमटत नाही. उलट, भर दुपारच्या कडक उन्हात एक स्टॉप जास्त एक्स्पोजर देऊन वेळ १५ ते २० टक्के कमी केली तर कॉन्ट्रास्ट आटोक्यात राहतो. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या ‘झोन सिस्टिम’चा पाया हाच. ते सुट्या शीट फिल्मवर प्रत्येक फोटोला वेगळी वेळ देऊ शकत होते. ३६ फोटोंच्या रोलला एकच वेळ मिळते, तेव्हा तिथे तडजोड आलीच.

तापमानाचा हिशेब

इलफर्डचा ठोकताळा असा: २० अंशांना ४ मिनिटे लागत असतील, तर २३ अंशांना ३ आणि १६ अंशांना ६ मिनिटे. म्हणजे तापमान एका अंशाने चढले की वेळ साधारण ९ ते १० टक्क्यांनी घटते आणि ही घट दर अंशाला उरलेल्या वेळेवर लागू होते. या हिशेबाने वरची १३ मिनिटे २४ अंशांना सुमारे ९ होतात, तर ३० अंशांना जेमतेम ५. मूळ द्रावणाची साडेसात मिनिटे ३० अंशांना तीनच्याही खाली येतात. गणित बरोबर असले तरी ही वेळ कामाची नाही. टँक भरायला आणि रिकामा करायलाच काही सेकंद जातात. ५ मिनिटांपेक्षा कमी वेळ ठेवली तर फिल्म असमान डेव्हलप होऊन आकाशात पट्टे दिसण्याचा धोका असतो. उन्हाळ्यात पातळ द्रावण वापरणे म्हणूनच शहाणपणाचे.

त्याहून बरे म्हणजे २० चा हट्ट सोडून २४ अंशांवर काम करणे, कारण तिथवर द्रावण थंड करणे घरात जमते. ३० अंशांचे १५० मिली मूळ द्रावण आणि फ्रिजमधले पाणी मिसळून १८ अंशांवर आणलेले १५० मिली पाणी एकत्र केले की ३५ मिमीच्या एका रोलपुरते द्रावण २४ अंशांवर येते. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नये, कारण तो वितळून द्रावण आणखी पातळ होते. बर्फाचे पाणी टबात घेऊन बाटल्या त्यात ठेवाव्यात. फिक्सर आणि धुण्याचे पाणीही याच तापमानाच्या आसपास हवे. कोमट पाण्यात जिलेटिन फुगून मऊ होते आणि नखाचा ओरखडाही कायमचा राहतो, म्हणून ओली फिल्म बोटांनी निपटू नये. टँक हातात असताना द्रावण तापतच असते. सुरुवातीचे आणि शेवटचे तापमान मोजून त्यांची सरासरी धरली की पुढच्या रोलचा अंदाज सुधारतो.

टँक हलवण्याची पद्धत बदलली तरी वेळ बदलते. इलफर्ड दर मिनिटाच्या सुरुवातीला १० सेकंदांत चार वेळा टँक उलटासुलटा करायला सांगते. सतत फिरणाऱ्या यंत्रात वेळ साधारण १५ टक्के कमी धरतात. कोणतीही एक पद्धत निवडावी आणि तिला चिकटून राहावे.

आपली वेळ कशी शोधावी?

वाळलेली निगेटिव्ह छापील वर्तमानपत्रावर ठेवून पाहावी. सर्वात काळ्या भागातून खालची अक्षरे जेमतेम वाचता आली, तर वेळ ठीक आहे. अजिबात दिसत नसतील तर पुढच्या वेळी १० ते १५ टक्के कमी करावी, आणि ठळक दिसत असतील तर तेवढीच वाढवावी. सावलीचा भाग काचेसारखा कोरा असेल तर मात्र दोष वेळेचा नाही, एक्स्पोजर कमी पडले आहे.

महत्त्वाचा रोल हातात घेण्याआधी एक रोल चाचणीसाठी खर्च करणे परवडते. तो सगळा एकाच दृश्यावर, एकाच एक्स्पोजरने भरावा. मग चेंजिंग बॅगमध्ये त्याचे तीन तुकडे करून एक हिशेबाने आलेल्या वेळेला, एक १५ टक्के कमी आणि एक १५ टक्के जास्त वेळेला डेव्हलप करावा. तीनही वेळी डेव्हलपर ताजा घ्यावा, कारण वापरलेले द्रावण मंदावलेले असते आणि मग फरक वेळेमुळे पडला की द्रावणामुळे, हे कळत नाही. तिन्हींचे प्रिंट किंवा स्कॅन शेजारी ठेवून जो पटेल, त्याची वेळ आणि तापमान डेव्हलपरच्या बाटलीवर लिहून ठेवावे.