अस्वलांपासून संरक्षणार्थ बंदुकीची निवड, अलास्कातील

अलास्काच्या अरण्यात, नदीकाठी किंवा समुद्रकिनाऱ्यावर तंबू ठोकून राहणाऱ्या प्रवाशाने अस्वलाच्या हल्ल्यापासून स्वतःचे व सोबत्यांचे रक्षण करण्यासाठी बाळगावयाची बंदूक, तिची काडतुसे आणि तत्संबंधी कायदा यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. शिकारीची बंदूक आणि संरक्षणाची बंदूक यांत मूलभूत भेद आहे. शिकारी आपली वेळ, अंतर व वाऱ्याची दिशा स्वतः निवडतो, तर तळावरील माणसावर या तिन्ही गोष्टी अस्वल लादते. त्यामुळे पहिल्या कामी जे शस्त्र उत्कृष्ट मानले जाते ते दुसऱ्या कामी कुचकामी ठरू शकते.

अलास्कात अस्वलांच्या तीन जाती आढळतात. काळी अस्वले सुमारे एक लाख व तपकिरी अस्वले सुमारे तीस हजार असावीत, असा राज्याच्या वन्यजीव खात्याचा अंदाज आहे. उत्तर व पश्चिम किनाऱ्यालगतच्या हिमावर श्वेत अस्वलांचा वावर असतो. किनाऱ्याकडील तपकिरी अस्वले सॅमन माशांवर पोसली जात असल्याने अंतर्भागातील आपल्या सजातीयांहून पुष्कळ मोठी होतात, आणि कोडिअ‍ॅक बेटांवरील मोठा नर ६५० किलोग्रॅमांच्याही वर भरतो व मागल्या पायांवर उभा राहिला असता दहा फुटांहून उंच दिसतो. एवढ्या प्रचंड देहाचे हे जनावर ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने धावते, म्हणजे तीस मीटरांचे अंतर दोन सेकंदांत तोडते. शस्त्राच्या निवडीसंबंधी पुढे जे काही सांगावयाचे आहे ते सर्व या दोन सेकंदांच्या हिशेबात बसले पाहिजे.

या हिशेबाचा एक जुना दाखला अमेरिकी सरकारने पॅसिफिक किनाऱ्याकडे धाडलेल्या मोहिमेच्या दप्तरी नमूद आहे. १८०५ सालच्या १४ जून रोजी मिसूरी नदीच्या महाप्रपातांनजीक, आजच्या माँटॅना राज्यात, कॅप्टन मेरिवेदर लुईस याने एक बायसन मारला आणि तो कोसळण्याची वाट पाहत असता रायफल पुन्हा भरण्याचे त्याच्या ध्यानातून गेले; एवढ्यात तपकिरी अस्वल अवघ्या वीसेक पावलांवर येऊन ठेपले. लुईसने धावत जाऊन नदीच्या कमरेएवढ्या पाण्यात पाय रोवले व हातातील भाला रोखला, तेव्हा अस्वल आपण होऊन माघारी फिरले. पुन्हा भरण्यास लागेल त्याहून अधिक काळ बंदूक यापुढे कधीही रिकामी ठेवावयाची नाही, असा निर्धार त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवला.

कोणते काडतूस पुरेसे होईल, याची पद्धतशीर परीक्षा अमेरिकेच्या वनखात्याच्या वतीने जूनो येथील संशोधकांनी केली व तिचे फलित १९८३ साली प्रसिद्ध झाले. लांबवरची अचूकता हा तेथे प्रश्नच नव्हता. सुमारे पंधरा यार्डांवरून सोडलेली गोळी किती खोल जाते, फुटून विखुरते की आपले वजन टिकवून धरते आणि लक्ष्याला किती जबर आघात करते, एवढेच पाहावयाचे होते. .४५८ विंचेस्टर मॅग्नम, १९१२ साली लंडनमध्ये निघालेले .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम आणि .३३८ विंचेस्टर मॅग्नम ही काडतुसे या कसोटीत वरचढ ठरली. पण अमेरिकी लष्कराने १९०६ साली स्वीकारलेले, सर्वत्र सुलभ असलेले .३०-०६ हे काडतूसही २२० ग्रेनांच्या जड गोळीसह समाधानकारक निघाले. हा शेवटचा निष्कर्ष सामान्य प्रवाशाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. .४५८ चा धक्का खांद्याला सोसवत नाही म्हणून जो माणूस सराव टाळतो, आणि प्रसंगी गोळी सुटण्यापूर्वीच डोळे मिटून घेतो, त्याने ती बंदूक घरीच ठेवून .३०-०६ घ्यावी, हे निःसंकोचपणे म्हटले पाहिजे. गोळी मात्र घट्ट बांध्याची हवी. हरणासाठी बनविलेली, शरीरात शिरताच फुलणारी हलकी गोळी अस्वलाच्या खांद्याच्या जाड स्नायूंत व हाडांत अडकून राहते.

राज्याच्या वन्यजीव खात्याने .३०० मॅग्नम रायफल किंवा एकसंध शिशाची गोळी भरलेली बारा बोअरची बंदूक योग्य मानली आहे. बारा बोअरची बंदूक स्वस्त, दणकट व आखूड असते आणि तंबूच्या अडचणीच्या जागेतही वळविता येते. मात्र तिच्यात छर्रे भरून निर्धास्त राहणे धोक्याचे आहे, कारण छर्रे, मग ते जाड का असेनात, एकसंध गोळीइतके खोल जात नाहीत. जुन्या .४५-७० काडतुसाची, खटका खालीवर करून भरावयाची आखूड रायफलही अनेक वाटाडे पसंत करतात.

पिस्तूल व रिव्हॉल्वर यांविषयी मतभेद तीव्र आहेत. १९८३ च्या परीक्षेत .४४ मॅग्नम हे काडतूस रायफलींच्या पुष्कळ मागे पडले, आणि नवशिक्याच्या हाती असे रिव्हॉल्वर ऐनवेळी अपुरे पडण्याचा संभव आहे, असा इशारा वन्यजीव खातेही देते. तथापि मासे पकडताना, सरपण गोळा करताना किंवा पाणी आणावयास जाताना रायफल बहुधा झाडाला टेकवलेली असते, तर पिस्तूल छातीवरच्या म्यानात असते, हा व्यवहारातील अनुभव नजरेआड करता येत नाही. ग्रीनलंडच्या ईशान्य भागात कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणारे डेन्मार्कचे सीरियस पथक श्वेत अस्वलांसाठी .३०-०६ रायफलीच्या जोडीला १० मिलिमीटरचे पिस्तूल बाळगते, ते याच कारणाने.

या साऱ्या ऊहापोहाला वेगळे वळण दिले ते टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो व त्यांचे सहकारी यांनी अलास्कातील घटनांच्या केलेल्या दोन छाननींनी. १८८३ ते २००९ या काळातील, बंदुकीचा संबंध आलेल्या २६९ घटना तपासून त्यांनी २०१२ साली असा निष्कर्ष मांडला की, निकटच्या गाठीत बंदूक चालविणारे आणि जवळ असूनही न चालविणारे यांच्या जखमी होण्याच्या प्रमाणात काही फरक आढळत नाही. वेळ न मिळणे, अस्वल फारच जवळ येणे, नेम चुकणे आणि बंदुकीत बिघाड होणे ही अपयशाची कारणे त्यांनी नोंदविली. तत्पूर्वी २००८ साली त्यांनी मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याची अशीच तपासणी केली होती. तीत तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के व काळ्या अस्वलांच्या बाबतीत ९० टक्के प्रसंगी फवारा यशस्वी झाल्याचे, आणि निकटच्या गाठीत तो जवळ असलेल्यांपैकी ९८ टक्के माणसे सुखरूप राहिल्याचे दिसून आले. या दोन छाननींतील प्रसंगांचे स्वरूप सर्वस्वी सारखे नसल्याने आकडे एकमेकांसमोर ठेवून तुलना करणे सयुक्तिक नाही. पण ज्याला बंदुकीचा दीर्घ सराव नाही त्याने प्रथम फवारा घ्यावा, एवढे त्यांवरून निश्चितपणे म्हणता येते. हा फवारा सात ते नऊ मीटरांपर्यंत पोहोचतो, वाऱ्याविरुद्ध त्याचा पल्ला घटतो, आणि विमानातून नेण्यास मनाई असल्याने तो अँकरेज किंवा तत्सम गावी उतरल्यावरच विकत घ्यावा लागतो.

बंदूक घेणाऱ्याने तिचा खटका, कळ व सुरक्षा-खीळ अंधारात, हातमोजे घालून व झोपेतून उठल्याबरोबर चालविता येईपर्यंत सराव केला पाहिजे. २०११ सालच्या ऑगस्टमध्ये नॉर्वेच्या स्वालबार द्वीपसमूहात विद्यार्थ्यांच्या एका मोहिमेच्या तळावर श्वेत अस्वल शिरले, तेव्हा तळाभोवतीच्या दोरीला जोडलेले इशाऱ्याचे बार उडाले नाहीत, आणि रायफलही पहिल्या काही प्रयत्नांत चालली नाही. एक तरुण प्राणास मुकला व चौघे जखमी झाले. तेथे वस्तीबाहेर जाणाऱ्याने अस्वलाला पिटाळण्याचे साधन बाळगणे कायद्याने सक्तीचे असून, प्रशासनाची शिफारस किमान .३०८ किंवा .३०-०६ रायफलीची आहे.

तथापि गोळी झाडण्याची पाळी बहुधा अन्नाच्या वासाने येते. स्वयंपाकाची जागा तंबूपासून शंभर यार्ड दूर ठेवणे, शिधा अस्वलाला न उघडता येणाऱ्या डब्यांत बंद करणे आणि दीर्घ मुक्कामी विजेच्या तारांचे हलके कुंपण घालणे, या तजविजी बंदुकीच्या आधी करावयाच्या आहेत. अलास्काचा कायदाही हेच गृहीत धरतो. जीव किंवा मालमत्ता वाचविण्यासाठी अस्वल मारण्याची मुभा आहे. परंतु उघड्यावर टाकलेल्या कचऱ्याने किंवा अन्नाने ते ओढवून घेतले असल्यास ती मुभा मिळत नाही. मारलेल्या अस्वलाचे नखांसह कातडे व कवटी सोलून सरकारजमा करावी लागते आणि पंधरा दिवसांच्या मुदतीत लेखी इत्तला द्यावी लागते. संयुक्त संस्थानांच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१० सालच्या फेब्रुवारीपासून राज्याच्या कायद्यानुसार बंदूक बाळगता येते, पण ती झाडण्यास बहुतेक उद्यानांत मनाई कायम आहे.

नोकरी किंवा शिक्षणानिमित्त तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत राहणाऱ्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत अलास्काला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणखी एक कलम ध्यानात ठेवावे: अशा परदेशी नागरिकास बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे बंदी असून, वैध शिकार-परवाना हा तिला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक होय. फवाऱ्याला हे कलम लागू होत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न या स्वरूपात उद्भवत नाही. मेळघाट, ताडोबा व गडचिरोलीच्या जंगलांतील अस्वल ही वेगळी जात असून, तिला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीने संरक्षण दिले आहे. प्राणरक्षणार्थ सद्‌भावनेने केलेली हत्या हा कायदा अपराध मानत नाही. परंतु मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वलेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन अभयारण्यात पाऊल ठेवणे हाच त्याच्या ३१ व्या कलमानुसार गुन्हा ठरतो.